डोळे मिटले की नाना

देवासच्या कारखान्यात नोकरी लागून मी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडे एक म्हातारे गृहस्थ तोडी गाताना ऐकू आले. खालची पट्टी, जाडसर आवाज, शब्द सावकाश चघळत टाकण्याची जुनी ढब, आणि तान संपली की स्वतःलाच दिलेला एक समाधानी ‘हां’. मी मिरजेकडचा, हौसेने तबला वाजवणारा. परक्या गावात शेजारी असा माणूस मिळाला म्हणून मला इतका आनंद झाला की चहाचा कप तसाच हातात घेऊन मी त्यांच्या दारात गेलो.

दार उघडलं ते वसंतरावांनी. ते आमच्याच कारखान्यात फोरमन होते, तोंडओळख झालेली होती. गात होते ते कोण, असं मी विचारलं.

“ते नाना. सासरे आमचे, धारचे.”

नमस्कार करायला आत येऊ का म्हटल्यावर ते माळव्याच्या ढबीत म्हणाले, “या ना भिया. भिंतीवर आहेत.”

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोखाली सतरंजीवर तंबोरा घेऊन एक चाळिशीच्या आतली बारीक बाई बसली होती, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्या सुधावहिनी, वसंतरावांच्या पत्नी; गात होत्या त्याच. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला तो देवास सोडेपर्यंत पुरता निस्तरला नाही. आजही निस्तरला आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

माझ्या तबल्याचं कळल्यावर वहिनींनी मला रविवारी सकाळी साथीला बसवायला सुरुवात केली. कुठल्याही बाईचं गाणं सुंदर म्हटलं की ती लाजते किंवा खूश होते. वहिनी संशयाने बघायच्या. गाता गाता एखादी जागा फार गोड लागली आणि माझ्या तोंडून वाहवा गेली, की तंबोरा तसाच छेडत विचारायच्या, “हे कोणाचं?” मला काय माहीत कोणाचं? त्या मग डोळे मिटून स्वतःच शोधायच्या आणि पडक्या चेहऱ्याने सांगायच्या, “नानांचंच. असाढातल्या एका सकाळी घेतली होती त्यांनी.” आणि ती जागा पुन्हा घ्यायच्या नाहीत. मला चुटपुट लागायची. चांगली जागा आहे, घ्यावी की माणसाने.

हा प्रश्न पुढे गाण्यापुरता राहिला नाही. कॉलनीतल्या कोणी डब्यातून चिंचगुळाची आमटी पाठवली तरी पहिला घास घेऊन त्या विचारायच्या, हे कोणाचं? मग ती बाई सांगणार की सासूकडून शिकले, आणि सासू तिच्या मावशीकडून. वहिनींना बरं वाटायचं. वसंतराव म्हणायचे, हिला वाटतं जगात कोणाचंच काही स्वतःचं नसेल तर आपलंही चालून जाईल.

नाना धारच्या जुन्या घराण्यातले. त्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत होते, नाना शाळेत हेडमास्तर. पण धारमधल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख गवई म्हणून. राममंदिरात नवमीचा उत्सव झाला की दशमीला सकाळी नानांचं गाणं, हा तिथला रिवाज. वहिनी लहानपणापासून त्यांच्या मागे तंबोऱ्यावर. नाना शिकवायचे कसे, तर गायचे. मागे बसलेल्या मुलीने ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. सूर हलला तर रागवायचे नाहीत, पुन्हा गायचे. अशी वर्षं गेल्यावर मुलीच्या गळ्यात वडील सबंध उतरले, त्या ‘हां’सकट. नाना गेले त्या वर्षी दशमीची सकाळ मोकळी राहू नये म्हणून मंदिराच्या मंडळींनी सुधाला बसवलं, आणि तेव्हापासून ती तिची सकाळ झाली.

मी पहिल्यांदा साथीला गेलो ते वर्ष मला चांगलं आठवतं. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, तबल्याची जोडी मांडीवर. मंडपात सगळी जुनी मंडळी बसलेली. पहिल्या रांगेत बापूसाहेब, निवृत्त वकील, नानांचे लंगोटीमित्र, पांढरी टोपी आणि हातात सुंठवड्याची पुडी. वहिनी गायल्या, आणि मला वाटलं इतकं नितळ गाणं मी मिरजेतही फार ऐकलेलं नाही. संपल्यावर बापूसाहेब डोळे पुसत उठले आणि म्हणाले, “सुधे, नाना उभे केलेस हो. डोळे मिटले की नाना.”

मंडपभर माना हलल्या. वहिनींनी वाकून नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये इंदूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला राहवलं नाही, मी म्हटलं, वहिनी, एवढं कौतुक झालं.

“कोणाचं झालं, भाऊजी?”

मग त्या बोलल्या, अगदी शांतपणे. “मी इतकी वर्षं मेहनत करते. सकाळी उठून करते, पोळ्या लाटताना मनात करते. आणि लोक डोळे मिटून घेतात. एकाने तरी डोळे उघडे ठेवून ऐकावं असं काहीतरी माझ्यापाशी हवं ना? एवढंसं. एक जागा. बाकी सगळं नानांचं असू दे.”

तेव्हा मला कळलं की या बाईला काय हवं आहे. कसं मिळवायचं ते मात्र तिलाही माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच नव्हतं.

त्याच सुमारास रेडिओवर गाण्यासाठी म्हणून त्यांनी चाचणी दिली. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी नानांना तरुणपणी कधीतरी ऐकलं होतं. गाणं पुरं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुमचे वडील फार छान गायले. आता तुम्ही गा.” वहिनींनी म्हणे तंबोऱ्याला गवसणी घातली आणि उठून आल्या. हे मला वसंतरावांनी सांगितलं. वहिनींनी त्या दिवशी घरी येऊन आमटीत दोनदा मीठ घातलं आणि वसंतरावांनी ती तशीच भुरकून संपवली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला प्रयोग म्हणावं की धुमाकूळ, मला ठरवता येत नाही. आधी पट्टी बदलली. दोन सूर वर चढवल्यावर आवाज वहिनींचा राहिला नाही आणि नानांचाही राहिला नाही, कोणाचाच राहिला नाही, तेव्हा पुन्हा खाली उतरवली. मग ताना बंद. मग दूधवाली काशीबाई गाते ती माळवी गाणी ऐकायला तिला रोज ओट्यावर बसवून चहा. काशीबाई खूश, पण वहिनींच्या ख्यालात ते गाणं उपऱ्यासारखं दिसायचं, हे त्यांचं त्यांनाच कळलं. एक महिना तर त्यांनी ‘हां’ म्हणायचं नाही असं ठरवलं. तान संपली की ओठ घट्ट मिटून बसायच्या, आणि तो अडलेला ‘हां’ बिचारा ठसक्यातून बाहेर यायचा. संध्याकाळी वसंतराव कामावरून आले की चपला काढताना विचारायचे, आज कोण गातंय? मी ठेका धरून बसायचो. कशाला कसा ठेका धरायचा ते कळत नसे, पण तबलजीला सोडून जाता येत नाही.

शेवटी एका वर्षी त्यांनी खरंच काही नवं केलं. नेहमीची चीज मधल्या ओळीपासून उचलायची, आणि पहिली ओळ अगदी शेवटी. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ‘हे कोणाचं’ असं त्यांनी स्वतःला बरेच दिवस विचारलं आणि नानांकडे असं काही सापडलं नाही. त्या दशमीला आम्ही धारला निघालो तेव्हा त्या नवं लुगडं नेसल्या होत्या आणि बसमध्ये त्यांनी चक्क शेंगदाणे घेऊन खाल्ले. गाणं झालं. बापूसाहेब डोळे पुसत उठले.

“सुधे, आज तू कमाल केलीस. हे तुला कोणी शिकवलं? नाना ऐन विशीत असंच गायचे. उलटं उचलायचे सगळं. तुझा जन्म व्हायच्या आधी सोडलं त्यांनी ते.”

मला हसू यावं की रडू हे समजेना. वहिनींनी वाकून नमस्कार केला. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी तबला नीट बांधला आहे की नाही ते पुन्हा पुन्हा बघत राहिलो. म्हणजे जे ऐकलं ते नानांचं आणि जे कधी ऐकलं नाही तेही नानांचं. मग माणसाने शोधायचं तरी कुठे?

त्यानंतर दोन-तीन वर्षं त्या धारला जात राहिल्या, पण शोधणं सोडल्यासारखं होतं. आणि एका चैत्रात म्हणाल्या, “भाऊजी, यंदा मी गाणार नाही. दरवर्षी नाना गातात. यंदा कीर्ती गाईल.”

कीर्तीबद्दल सांगायला हवं, पण त्याआधी देवासच्या पाण्याबद्दल.

मी आलो त्या काळात देवासला पाणी म्हणजे देवदर्शन होतं. उन्हाळ्यात तर एकदा पाणी रेल्वेने आलेलं मी पाहिलं आहे. नळ कधी येईल याला वार नाही, वेळ नाही. चार दिवसांनी येईल, पहाटे येईल, दुपारी पंगत वाढलेली असताना येईल. आला की आधी नुसती हवा, फुस्स असा आवाज, आणि तो ज्याने ऐकला त्याची पिंपं भरली. वहिनींची गाण्याची खोली पुढे आणि नळ मागच्या अंगणात. त्यामुळे त्यांचा एक कान तंबोऱ्याकडे आणि दुसरा नळाकडे.

याचा ताप मला. तबल्याचा ठेका फिरत फिरत पहिल्या मात्रेवर येतो, ती सम. गाणाऱ्याने थोडं आधी ओळ उचलायची आणि समेवर येऊन पोचायचं, तिथे आमची दोघांची गाठ पडते. वहिनी नेमक्या ओळ उचलायच्या वेळी गप्प व्हायच्या. मान जराशी डावीकडे, नजर कुठेच नाही. मागे फुस्स झालं का ते ऐकायच्या. मी मात्रा मोजत घाम पुसायचो, की आता ही बाई सम चुकवणार. आणि अर्धी ओळ गेल्यावर, उरलेल्या एवढ्याशा जागेत, दोन शब्दांत त्या अलगद समेवर उतरायच्या. कधी चुकल्या नाहीत. पाणी आलं असेल तर समेवरूनच हाताने खूण करायच्या, आणि शिकायला आलेल्या मुली बादल्या घेऊन पळायच्या. सुरुवातीला मी वैतागायचो. मग सवय झाली. इतकी की त्या तिथे थांबतात हे माझ्या ध्यानातून पार गेलं.

पुढे लांबून पाइपलाइन आली आणि नळाला वेळ ठरली. सकाळी साडेसहाला पाणी, पिंपं भरून मोकळे. त्यानंतर आली कीर्ती. कॉलनीतलीच, आईवडील मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना अडखळायची आणि चीजा हिंदीत लिहून घ्यायची. गळा चांगला, पोरगी कष्टाळू. वहिनी तिला फार जपून शिकवायच्या. स्वतः कमीत कमी गायच्या. माझ्यासारखं करू नकोस, हे दर वेळी बजावायच्या. ‘हां’ म्हटलं तर दटावायच्या. नानांची एक खूण म्हणून त्या मुलीत राहू दिली नाही.

त्या दशमीला कीर्ती तंबोऱ्यापुढे बसली आणि वहिनी मागे, जिथे लहानपणी बसायच्या. बापूसाहेब खूप थकले होते, पण पहिल्या रांगेत होते. कीर्तीने तोडी सुरू केली. ठेका फिरत आला, ओळ उचलायची वेळ झाली, आणि मुलगी गप्प झाली. मान जराशी डावीकडे. मग दोन शब्दांत ती समेवर आली आणि लोकांच्या तोंडून जो उद्गार निघाला तसा मी त्या मंडपात कधी ऐकला नव्हता. मी ठेका धरून वहिनींकडे पाहिलं. त्या कीर्तीच्या पाठीकडे बघत होत्या, आणि काही कळत नसल्यासारख्या दिसत होत्या.

संपल्यावर बापूसाहेबांना दोघांनी धरून उठवलं. डोळे त्यांनी पुसले नव्हते. ते म्हणाले, “पोरीने दहा मात्रा गायल्या की सांगावं, ही सुधाची शिष्या.”

“कशावरून, काका?” वहिनींनी विचारलं.

“ते तुझं थांबणं. नाना कधी थांबत नसत गं. त्यांना धीर नव्हता. पहिल्या वर्षापासून बघतोय मी, तू थांबतेस.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “मी थांबते?”

मी काही म्हणायच्या आत कीर्तीच बोलली. “ताई, तुम्हीच तो थांबता ना. समेच्या आधी. मला तर वाटायचं की सम तिकडूनच येते, म्हणून आधी तिकडे ऐकायचं.”

परतीच्या बसमध्ये कीर्ती झोपली. वहिनींनी मला आडून आडून नाही, सरळ विचारलं, मी कुठे थांबते, आणि का? त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मी सांगितलं, नळासाठी; त्याला वेळ ठरली तरी तुमची मान तिकडेच जाते. घाटाबिलोद गाव मागे पडलं. त्या हसू लागल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“म्हणजे माझं म्हणून जे आहे, ते नगरपालिकेने दिलेलं.”

“नळ अख्ख्या देवासला होता, वहिनी,” मी म्हटलं. “समेआधी थांबत होतात तुम्हीच.”

हे त्यांना पटलं की नाही, सांगता येणार नाही. मला स्वतःलाही धड कळत नव्हतं. त्या बाईने मागितलेली एवढीशी जागा तिच्यापाशी होती, रोज होती, आणि ती शोधायला ती काशीबाईच्या गाण्यापर्यंत जाऊन आली होती. मला तिच्यासाठी आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं.

पण गोष्ट इथे सुखाने संपत नाही. पुढच्या रविवारी आम्ही बसलो, ठेका फिरत आला, आणि वहिनी थांबल्या. मुद्दाम थांबल्या. मान डावीकडे केली ती फोटो काढायला बसल्यासारखी. मग घाईने ओळ उचलली आणि सम चुकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा केलं, पुन्हा चुकली. न थांबता गाऊन पाहिलं, तर पुन्हा नाना. त्यांनी तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाल्या, आता कळलं ना, आता ते जायचं. नंतरच्या रविवारीही तेच. मग त्यांनी रविवार बंद केला. कीर्तीला शिकवायच्या, स्वतः गायच्या नाहीत. भिंतीपलीकडे सकाळी नुसता कुकर वाजायचा, आणि मला तो आवाज नकोसा झाला होता.

थोड्याच दिवसांत मी निवृत्त झालो. सामान ट्रकने मिरजेला गेलं, क्वार्टरची किल्ली द्यायची राहिली होती. निरोप घ्यायला म्हणून मी सकाळी मागच्या अंगणातून शेजारी गेलो, तर वसंतराव भिंतीशी पाटावर बसलेले, एक हात नळाच्या कॉकवर, दुसऱ्या हातात चहा. मी काही विचारणार तेवढ्यात त्यांनी बोटाने गप्प राहायची खूण केली.

“पाणी भरून झालं भिया केव्हाच,” ते कुजबुजले. “मी बंद केला. तिला सांगितलंय, लाइन कुठे तरी फुटलीय, आता नळाचा काही भरवसा नाही. मनात येईल तेव्हा सोडतो.”

“त्यांना खरं वाटलं?”

“काय माहीत. विचारलं नाही. पण एक पिंप मुद्दाम रिकामं करून ठेवलंय तिने.”

आतून तंबोरा ऐकू आला आणि मग वहिनी. तोडीच होती. तानेच्या शेवटी ‘हां’ आला, तो त्यांनी अडवला नाही. साथीला कोणी नव्हतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मांडीवर बोटांनी ठेका धरला. ठेका फिरत आला. ओळ उचलायची वेळ झाली आणि आत सगळं शांत झालं. वसंतरावांनी कप खाली ठेवला. त्यांचा हात कॉकवर होता, पण त्यांनी तो हलवला नाही. मी मात्रा मोजत होतो आणि मला पुन्हा तोच घाम आला, की ही बाई आता चुकणार.

मग आतून दोन शब्द आले आणि त्या समेवर उतरल्या. नळ कोरडाच होता.